आवाज बंद ठेवून

पलीकडच्या बाकावरची मुलगी आपली नक्कल करते आहे हे एल्वाच्या लक्षात आलं, तेव्हा बस पुलावर होती. आठ-नऊ वर्षांची मुलगी, शाळेचा निळा गणवेश, मांडीवर दप्तर आणि दप्तरावर चाललेली बोटं. आधी एल्वाला वाटलं, पोरगी कंटाळली असेल, वाजवते आहे आपली काहीतरी. मग त्या वाजवण्यातली एक थांबायची जागा तिला ओळखीची वाटली. फारच ओळखीची, आपल्या स्वयंपाकघरातली खुर्ची परक्याच्या अंगणात दिसावी तशी. मुलगी एल्वाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. एल्वाने खाली पाहिलं. तिचा उजवा हात समोरच्या बाकाच्या दांडीवर होता आणि बोटं हलत होती. कशी, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने विस्तवावरून ओढावा तसा हात ओढून घेतला आणि काखेत दाबून धरला. पण मुलीला आता हाताची गरज उरली नव्हती. तिला सगळं आलं होतं. पुढच्या थांब्यावर उतरताना तिने बसच्या दाराच्या पत्र्यावर ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवलं आणि वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखी एल्वाकडे बघून हसली. दार मिटलं. काचेतून मुलगी थोडा वेळ दिसली, दप्तर पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे. ती संध्याकाळी घरी जाईल, जेवणाच्या टेबलावर वाजवेल, आंघोळीच्या वेळी वाजवेल, धाकट्या भावाला शिकवेल. काखेतली बोटं अजून हलत होती. स्वतःचीच बोटं स्वतःच्या बरगडीवर.

ऐकलं तर तिने काहीच नव्हतं. एक अक्षर नाही, एक सूर नाही. हे ती कोणासमोरही सांगायला तयार होती, आणि बस ॲडलेडच्या बंदराकडे वळेपर्यंत मनातल्या मनात ती तेच सांगत राहिली. कोणासमोर, ते तिलाही माहीत नव्हतं. मी ऐकलं नाही. मला ऐकायचं नव्हतं. हेडफोनची वायर क्लॅरीमामाने स्वतः कापली, कात्रीने, सगळ्या बायकांसमोर. मी तर यंत्रावरची नुसती सुई बघितली.

एल्वाच्या माणसांचं ठेवणीघर म्हणजे पूर्वीचं कसायाचं दुकान. दारावर पाटी 'ठेवणीघर' अशीच आहे, पण म्हणताना सगळे 'दुकान'च म्हणतात. जागा घेतली तेव्हा शहरातल्या म्युझियमची एक बाई बघायला आली होती. पुढच्या पांढऱ्या फरशा, छतालगतची आकड्यांची दांडी हे बघून ती जरा कसनुशी झाली. मागची थंड खोली बघितली आणि म्हणाली, अशी खोली आमच्याकडेसुद्धा नाही. जाड पोलादी दार, कोरडी थंडी, बारा महिने एकच तापमान. मग उत्तरेच्या मुलखातून शहरात येऊन पडलेल्या या आदिवासी माणसांनी आपलं जे काही जिथे-तिथे विखुरलं होतं ते सगळं त्या खोलीत आणलं. आज्यांच्या लाकडी थाळ्या, केसांचे पिळलेले दोर, पाद्र्यांच्या मिशनमधल्या हजेरीच्या वह्या, फोटो. आणि टेपा. एल्वाची मावसबहीण डॉट पुढच्या काउंटरवर बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "पूर्वी इथे मेंढ्या टांगायचे, आता आमची भाषा टांगली आहे. आत या, ताजी आहे." या विनोदाला नऊ वर्षं झाली. डॉटला तो अजून नवा वाटतो.

टेपा एका मास्तरच्या. हा गोरा मास्तर एके काळी मुलखातल्या शाळेवर होता. गाडीच्या टपावर बॅटऱ्या बांधून, भलंमोठं यंत्र घेऊन फिरायचा आणि जो बोलेल त्याच्यासमोर माइक धरायचा. तो वारल्यावर त्याच्या बायकोने सफरचंदाच्या खोक्यात घालून वीस टेपा परत पाठवल्या. चिठ्ठीत एवढंच, की हे तुमचं आहे. चौदा टेपांवर सगळ्यांनी ऐकावं असंच होतं. पाण्याला काय म्हणतात, सरड्याला काय म्हणतात, मुलांची गाणी, म्हाताऱ्या बायकांचं एकमेकींना दिलेल्या शिव्यांवरून हसणं. त्या हसण्याची एक टेप डॉट कंटाळा आला की लावते. उरलेल्या सहा टेपांच्या डब्यांवरचा मजकूर क्लॅरीमामाने वाचला, खुर्चीतून उठला, आणि कोणाच्या तरी विणकामातली लाल लोकर तोडून त्याने प्रत्येक डब्याला एकेक धागा बांधला. त्याला विचारावं लागलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. लाल धागा म्हणजे पुरुषांचं, त्यांच्या विधीचं. बायकांनी डबा उचलावा, पुसावा, आग लागली तर आधी तो बाहेर काढावा. ऐकायचं मात्र नाही. ऐकलं तर काय होतं, हे कोणी नीट सांगत नसे. एल्वाच्या आजीने एकदाच सांगितलं होतं. एक मुलगी सरपण गोळा करत करत भलतीकडे गेली आणि तिच्या कानावर पडलं. मग काय झालं आजी? "ती मोठी झाली नाही," आजी म्हणाली आणि पीठ मळू लागली.

दोन वर्षांपूर्वी थंड खोलीत आंबूस वास येऊ लागला. टेपा म्हाताऱ्या झाल्या की त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, मग त्या आक्रसतात, मग त्यांच्यावरचं सगळं पावडर होऊन गळतं. वेळेत दुसरीकडे उतरवून घेतलं तर वाचतं. उतरवायचं यंत्र फक्त एल्वाला येत होतं. शाळा तिने चौथीत सोडली, पण रेडिओदुरुस्तीवाल्या एका इटालियन म्हाताऱ्याच्या दुकानात उभं राहून राहून ती हे शिकली होती. सहा लाल टेपा ऐकायचा हक्क असलेला शहरात एकच माणूस, क्लॅरीमामा. आणि त्याच्या हाताला कंप, त्या थंडीत बसणं होत नाही. मुलखात तो हक्क असलेले चार जण आहेत, वाट बघत आहेत, क्लॅरीमामा डोळे मिटायच्या आधी हे त्यांच्या हाती यायला हवं. पण टेपा त्या उन्हात पाठवल्या तर पोचेपर्यंत उरणार नाहीत. तेव्हा बैठकीत ठरलं ते असं: एल्वाने उतरवायचं, आवाज बंद ठेवून. स्पीकर काढून टाकायचा. वायर कापायची. फक्त यंत्रावरच्या सुईवर लक्ष ठेवायचं, कारण सुई लाल पट्ट्यात गेली तर उतरवलेलं फाटतं, वाया जातं. "सुईला काय आवाज असतो?" क्लॅरीमामा म्हणाला, आणि सगळ्या बायकांनी माना हलवल्या. एल्वानेही हलवली. सुईला आवाज नसतो हे त्या दिवशी सगळ्यांनाच माहीत होतं.

बस बंदरावर आली. ती उतरली, दुकानापर्यंत चालली, आणि सगळा वेळ हात काखेतच होता.

"काय गं, भूत बघितलंस?" डॉट म्हणाली.

"बसमध्ये एक पोरगी होती."

"पोरगी? मग भूत परवडलं." डॉटने चहाचा कप सरकवला, चार चमचे साखर घातलेला. "पी. अकरा वाजता सव्वीस येताहेत शाळेतून. तू शब्द घे, मी पोरांना थाळ्यांपासून लांब ठेवते. मागच्या वेळी एकाने आजीच्या थाळीत च्युइंगगम चिकटवलं होतं. मी म्हटलं बाळा, दोनशे वर्षांत एवढंच राहिलं होतं."

सव्वीस आली. एल्वाने त्यांना पाणी शिकवलं, विस्तव शिकवला, आई शिकवली. सव्वीस तोंडांतून तो शब्द पांढऱ्या फरशांवर आपटून परत यायचा तेव्हा दरवेळी तिला आतून बरं वाटायचं. आज वाटलं नाही. आज ती त्यांचे हात बघत होती. एरवी शब्दांच्या नंतर ती त्यांना हातबोली शिकवायची. शिकारीत, सुतकात, लांबून, न बोलता बोलायची ती बोटांची भाषा. कांगारू असा, माणूस येतोय असा, गप्प असा. मुलांना सगळ्यांत जास्त तेच आवडायचं. आज तिने ते गाळलं आणि हात कोटाच्या खिशातून काढलाच नाही.

"हात काय बँकेत ठेवलास?" मुलं गेल्यावर डॉटने विचारलं.

"दुखतोय."

"दाखव बघू."

"काही नाही गं. वय."

डॉक्टरीणही पुढच्या आठवड्यात तेच म्हणाली, वय. सांधे सुजले आहेत, गरम पाण्यात शेका. एल्वाने शेकले. गरम पाण्यात बोटं जास्तच मोकळी हलू लागली, आणि पाण्यावर जी वर्तुळं उठली त्यांच्याकडे तिला बघवेना. पाणी ओतून दिलं. झोपताना ती हातात मोजा घालून निजू लागली. भांडी घासताना डावा हात उजव्याच्या मनगटावर. त्याच आठवड्यात डॉटच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. थंड खोलीची मोटर दोनदा बंद पडली. समोरच्या बेकरीवाल्याचं कुत्रं दुकानाच्या दारात येऊन आत न शिरता उभं राहू लागलं. यातलं काहीच नवीन नव्हतं. डॉट धांदरट होती, मोटर जुनी होती, कुत्रं म्हातारं होतं. एल्वाला हे कळत होतं. तरी ती रात्री मोज्यातल्या हाताकडे बघून एकेक गोष्ट त्याच्या नावावर लावत बसायची.

आणि ज्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, तोच विचार. तिसऱ्या लाल टेपेच्या डब्यावर मास्तरच्या तिरक्या अक्षरात तारीख होती, जागा होती, आणि चार अक्षरं. चार माणसांच्या नावांची पहिली अक्षरं. मास्तर शहाणा होता. पूर्ण नावं लिहिली तर पुढे माणसं मेल्यावर डबाच लपवावा लागेल हे त्याला ठाऊक होतं. तिसरं अक्षर तिच्या बापाचं. एल्वा दोन वर्षांची असताना बाप गेला, त्या तारखेनंतर सहा महिन्यांनी. गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून त्याचं नाव तिने कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते तिने मिशनच्या हजेरीवहीत वाचलं, तिशी उलटल्यावर. फोटो नाही. लहानपणी ती अंगणातून चालत गेली की एखादी म्हातारी म्हणायची, "बघा, चालते कोणासारखी!" बाकीच्या हसू लागायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या. एल्वा तिथेच थांबून आपल्या पावलांकडे बघायची. बाप म्हणजे तेवढाच, म्हाताऱ्या गप्प व्हायच्या तेवढा.

तर ती तिसरी टेप. बत्तीस मिनिटं. यंत्राच्या छोट्याशा पिवळ्या खिडकीत सुई उठत होती आणि पडत होती. पहिल्या दोन टेपांच्या वेळी एल्वाने सुईकडे दुधावर लक्ष ठेवतात तसं बघितलं होतं, उतू जाऊ नये एवढ्यापुरतं. या वेळी तिने खुर्ची पुढे ओढली. ही मोठी उडी तो असेल. नाही, मोठ्याने गाणारा तो नसेल, आईच्या तोंडून एकदाच निसटलं होतं, त्याला लाज फार. मग ही मधली, एकसारखी येणारी, न दमणारी? सुई सगळ्यांबरोबर वर जायची, पण सगळे खाली आल्यावरही काहीतरी तिला तळाशी राहू देत नव्हतं, हलकेच उचलत राहायचं. एल्वाने टेप परत गुंडाळली. सुई लाल पट्ट्यात गेली नाही ना ते बघावं, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. थंड खोलीत तोंडातून वाफ निघाली. दुसऱ्यांदा बघितलं. मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. चौथ्या वेळी सुई कुठे उठणार ते तिला आधीच कळत होतं आणि तिला इतकं सुख झालं की ती घाबरून उठली आणि डब्याला धागा बांधून टाकला.

हे सांगायला हवं होतं. सांगितलं तर क्लॅरीमामा थंड खोलीला कुलूप लावेल, उरलेल्या तीन टेपा आत आंबून जातील, आणि चार माणसं वाट बघत म्हातारी होतील. या कारणासाठी मी गप्प आहे, असं ती स्वतःला सांगे. या कारणाच्या मागे आणखी एक कारण होतं. तिकडे ती जात नसे.

क्लॅरीमामाचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून धुवावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, इस्पितळातली खिडकीजवळची तिसरी खुर्ची. लहानपणापासून त्याचे कान वाहायचे, मिशनमधल्या सगळ्याच मुलांचे वाहायचे; उरलंसुरलं औषधांनी गेलं. आता त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ज्याला ऐकायचा हक्क आहे त्याला कान नाहीत, आणि आपल्याला कान आहेत, असा एक कडवट विनोद एल्वाच्या मनात यायचा. तो तिने डॉटलाही कधी सांगितला नाही. मामा-भाचीचं बोलणं हातबोलीत चालायचं. मामा मध्येच तोंडानेही बोले, बहिऱ्याच्या पट्टीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"शेपटी आणलीस की नुसतं तोंड घेऊन आलीस?"

कांगारूची शेपटी, डब्यात, फॉइलमध्ये. तिला मनाई होती आणि तरी ती दर शुक्रवारी यायची. नर्स खिडकीबाहेर बघत उभी राहायची.

त्या सोमवारी एल्वाने सांगितलं नाही. बुधवारी डाव्याच हाताने बोलली, मामा म्हणाला, "काय, तोतरी झालीस?" शुक्रवारी तो शेपटीचं हाड चोखत होता, दुकानाचं छप्पर कोण दुरुस्त करणार यावर कुरकुरत होता, ऊन खिडकीतून चादरीवर पडलं होतं, आणि एल्वाला तीन आठवड्यांत प्रथमच जरा सैल वाटलं. ती छताबद्दल काहीतरी म्हणाली. हात चादरीवर टेकला. मामाने हाड ताटलीत ठेवलं. फार हळू ठेवलं. एल्वाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तिला जिकडे बघायला नको होतं तिकडेच बघावं लागलं. चादरीवर, उन्हात, बोटं चालली होती.

तिने हात मांडीखाली घेतला. मामाचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. यंत्रातून त्याचं रक्त नळीत गरगरत जात होतं आणि परत येत होतं.

"कुठून आलं हे?" तो म्हणाला. कुजबुजला. बहिरा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"सुई," ती डाव्या हाताने म्हणाली.

"सुईला आवाज नसतो."

"नाही. पण ती हलते, मामा."

 सुईला आवाज नसतो, हे त्याच्याच तोंडचं वाक्य होतं, आणि ते आता दोघांच्या मध्ये चादरीवर पडलं होतं.

"कितीदा बघितलंस?"

"चारदा."

"एकदा पुरे होतं."

"हो."

"सुई बघत होतीस," मामाने विचारलं, "की त्याला शोधत होतीस?"

एल्वाने डाव्या हाताने चादरीची सुरकुती सरळ केली.

"मूर्ख पोरी," तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ती जास्त घाबरली. "उगाच शोधलंस. तो गातच नव्हता. त्या दिवशी धूळ उठली होती, घसा बसला होता त्याचा. काठ्या त्याच्या हातात होत्या. काठीवर काठी आपटून ठेका, सगळा वेळ, तोच..." आणि आपण काय बोलून गेलो हे कळून त्याने डोळे मिटून घेतले.

एल्वाच्या मांडीखाली हात होता. मांडीच्या वजनाने त्याला मुंग्या आल्या होत्या. काठ्या त्याच्या हातात होत्या. तळाशी सुईला राहू न देणारं, हलकेच उचलत राहणारं. पंचावन्न वर्षं जो माणूस म्हाताऱ्यांच्या गप्प होण्याएवढाच होता तो आता तिच्या मांडीखाली होता, पाच बोटं, आणि बाहेर यायला बघत होता.

"आणखी कोणी बघितलं हे?" डोळे न उघडता मामाने विचारलं. मग उघडले, कारण उत्तर हातातून यायचं होतं.

"कोणी नाही," एल्वाचा डावा हात म्हणाला. हाताने खोटं बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"हे काढतात कसं, ते मला अर्धंच माहीत आहे," मामा म्हणाला. "पूर्ण ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर मी माती टाकली. एकेकावर. उरलेल्या तीन टेपांत असेल. किंवा नसेलही. म्हणून काम थांबवायचं नाही. सुईवर फडकं टाक. उतरवलेलं फाटलं तर फाटलं. खोलीत बसूसुद्धा नकोस, दारात बस, लोखंडाला हात लावू नकोस." तो दमला. नर्सने वळून बघितलं. त्याने तिला हात केला, काही नाही. "आणि ह्याला खायला घालायचं नाही. समजलं? आपण होऊन आलंय, आपण होऊन जाईल. पोराचं पिणं सुटलं की आईचं दूध आटतं तसं आटेल. थंडी संपेपर्यंत आटेल. पण जाणून एकदा जरी वाजवलंस ना, एल्वा, तू स्वतः, त्याच्यासाठी म्हणून, तर मग ते तुझ्याकडेच मागून थांबणार नाही. त्या येड्या डॉटकडे मागेल. दुकानात येतात त्या पोरांकडे मागेल. मी मध्ये उभा राहीन म्हणशील तर," त्याने पांघरुणाकडे मान केली, जिथे गुडघ्याखाली एका बाजूला काहीच नव्हतं, "मला उभं राहायला एकच पाय आहे."

ती हसली नाही. एरवी या विनोदावर हसायची रीत होती.

चौथी टेप तिने फडकं टाकून उतरवली. फडकं डॉटच्या काउंटरमागचं, त्याच्यावर नाचणारे कोआला छापलेले. दुकानात कोणीतरी चेष्टेने आणलेलं. आता ते त्या सुईवर होतं आणि कोआला मधूनमधून जरासे थरथरतात की काय असं वाटून एल्वाने तोंड फिरवलं. दारात दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसली, कोट घालून, हात दोन्ही मांड्यांखाली. घड्याळात बत्तीस मिनिटं मोजली. आत काय चाललंय, आवाज आहे की नुसती खरखर, सुई लाल पट्ट्यात गेलीय की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. असं राखणं तिने कधी केलं नव्हतं. तरी काम झालं. मामाने विचारलं तेव्हा हात दाखवला, स्थिर. मामाने हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत हाताकडे.

आणि ते खरंच आटत होतं. बसमध्ये ती आता हात उघडा ठेवायची. मोजा उशाशी पडून राहायचा. सूज उतरली. डॉटचा पाय बरा झाला, आणि कुत्रं एका सकाळी बिनघोर आत शिरून चक्क काउंटरखाली झोपलं. शाळेची मुलं आली तेव्हा एल्वाने पुन्हा हातबोली घेतली. कांगारू, माणूस येतोय, गप्प. डॉट म्हणाली, "आलीस बाई माणसांत." एल्वालाही तसं वाटलं. ऑगस्ट संपत आला होता, थंडी उतरणीला लागली होती.

पाचव्या टेपेचा दिवस मंगळवार होता. तिने टेप लावली, कोआला पसरले, दारात क्रेटवर बसली. पुढच्या खोलीत डॉट फोनवर छपरावाल्याशी भांडत होती. एल्वाने हात मांडीखाली घेतले ते सवयीने, गरज नव्हती. आणि सहज, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं, तिने मनातल्या मनात ते आठवून बघितलं. नुसतं आठवणं, आठवण्याला मामाने मनाई केली नव्हती. सुरुवात आली. पुढचं आलं. मग ती थांबायची जागा यायला हवी होती, बसमधल्या मुलीच्या दप्तरावरूनही जी तिने ओळखली होती, ती आली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच. पुढे पांढरं, फरशांसारखं. तिला वाटलं घाई झाली, सावकाश घेऊ. सावकाश घेतलं तर सुरुवातही ढिली पडू लागली. हे आधी की ते आधी, तिला सांगता येईना. उजवा हात काढून बघितला. एका मध्यमवयीन बाईचा हात, नखं कापलेली, वयाचे डाग. तिने तो परत मांडीखाली घेतला.

म्हणजे हा जातोय. तिला एकदम कळलं आणि थंड खोलीची थंडी कोटाच्या आत आली. जातोय तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती, अंगणात कुठेतरी माती खात असेल, तिला कोणी विचारलं नाही आणि तिला काही करता आलं नाही. त्यात तिची काय चूक? या वेळी तो तिच्याच हातून चालला होता, एकेक बोट सोडवून घेत, आणि ती हात मांडीखाली दाबून बसली होती. तिला डॉट आठवली. डॉट पलीकडेच होती, छपरावाल्याला म्हणत होती, "दादा, पाऊस काय तुझी वेळ विचारून येतो?" सव्वीस पोरं आठवली, त्यांचे हात. बसमधली मुलगी आठवली, जिच्याबद्दल ती मामाशी खोटं बोलली होती. त्या मुलीच्या घरात आता काय चाललं असेल, हे इतके दिवस तिने विचारायचं टाळलं होतं, आणि आत्ताही टाळलं. हे सगळं तिने नीट डोळ्यांसमोर आणलं. पुढे कोणी असं म्हणू नये की तिला आठवलं नव्हतं.

मग ती क्रेटवरून उठली, आत गेली, दार ओढून घेतलं. उजवा हात कसायाच्या जुन्या पोलादी टेबलावर ठेवला. यंत्राच्या पलीकडच्या कडेला, लांब. पोलाद इतकं गार होतं की आधी तळव्याला चटका बसल्यासारखं झालं. तिने डोळे मिटले नाहीत. पहिलं बोट तिने स्वतः उचललं आणि स्वतः खाली आणलं.

सुरुवात आली. पुढचं आलं. थांबायची जागा अंधारातल्या पायरीसारखी पायाखाली आली, जिथे असायला हवी तिथेच, आणि तिच्या तोंडून हुंदका की हसू असं काहीतरी निघून वाफ झालं. काही विसरलं नव्हतं. आता ती सुई बघत नव्हती, आठवतही नव्हती. कोणीतरी धुळीत मांडी घालून बसलं होतं, घसा बसलेला, लाजरा, आणि बाकीचे दम घ्यायला थांबले तरी थांबत नव्हता. ती शेवटाकडे आली. टेपेवर जिथे सुई खाली पडली होती आणि मग उठली नव्हती, ती जागा तिला चार वेळा बघून पाठ होती. तिथे तिने हात थांबवला.

हात थांबला नाही. बोटं तशीच पुढे गेली, न अडखळता, टेपेवर नव्हतं ते. पुढचं त्यांना कुठून माहीत होतं, कोण जाणे. तिने डाव्या हाताने मनगट धरलं, मग सोडून दिलं.

"एल्वा," बाहेरून डॉटने हाक मारली, "चहा निवतोय गं."

पोलादी दाराआड ती हाक फार लांबून आल्यासारखी वाटली. येते म्हणून सांगावं असं एल्वाच्या मनात होतं. पण हे संपायला हवं होतं आधी, आणि ते कुठे संपतं हे माहीत असलेलं कोणी आता राहिलं नव्हतं.